हलणाऱ्याचे चित्र

मनुष्याची स्मृती हलत्या गोष्टींना घट्ट धरून ठेवते. बालपणीचे घर आठवताना भिंतींची लांबी-रुंदी आठवत नाही. अंगणातून धावत येणारे भावंड आठवते, विहिरीवरचा फिरता रहाट आठवतो. दप्तराची स्मृती मात्र नेमकी याच्या उलट असते. जे एका जागी उभे आहे, ज्याला सीमा घालता येते, ज्याचे मोजमाप करता येते, तेच दप्तरात उतरते. छायाचित्र ही या दोन स्मृतींच्या मधली वस्तू होय. ते डोळ्यांना जिवंत वाटते. पण त्याच्या जन्मापासूनचा फार मोठा काळ त्याचा स्वभाव दप्तराचाच होता.

शाळेच्या मैदानावर संध्याकाळनंतर दिव्यांच्या उजेडात चाललेले सामने अनेक श्रोत्यांनी पाहिले असतील. चार खांब, त्यांवर चार दिवे, मध्ये आखलेले खो-खोचे किंवा कबड्डीचे मैदान आणि कडेला उभे असलेले पालक. या पालकांनी हौसेने घेतलेली चित्रे घरी येऊन पाहावीत, तर खांब स्पष्ट उठलेला असतो, फलकावरील शाळेचे नाव वाचता येते. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला, तो धावणारा मुलगा मात्र एक पुसट पांढरा पट्टा होऊन बसलेला असतो. या अपयशाचा दोष हाताला किंवा यंत्राला देण्याची आपली रीत आहे. वस्तुतः त्यामागे दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक उद्बोधक प्रकरण मराठी माणसाच्या परिचयाच्या एका गावी, तंजावरला, घडलेले आहे.

तंजावरचे नाव घेतले की व्यंकोजीराजांचा वंश, सरस्वती महाल आणि सरफोजीराजे आपल्या डोळ्यांपुढे येतात. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत सुमारे एकशे ऐंशी वर्षे तेथे भोसल्यांचे राज्य होते. दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. ज्ञानाची अशी भूक असलेला राजा विरळा. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्यांनी उपचारांच्या नोंदींबरोबर जतन केली. त्यांच्याच कृपाछत्राखाली चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी दाक्षिणात्य नृत्याच्या मैफलीला आज प्रचलित असलेला क्रम दिला. म्हणजे पाहणाऱ्या डोळ्याची आणि हलणाऱ्या देहाची, अशा दोन्हींची चौकशी त्या एका दरबारात चालू होती. ही दोन्ही सूत्रे ज्यात एकत्र यावयाची, ती छायाचित्रणकला मात्र १८३९ साली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात वर्षांनी, जगापुढे आली.

ती तंजावरला पोहोचली, तेव्हा राज्य उरले नव्हते. १८५५ च्या ऑक्टोबरात शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्यपद संपुष्टात आणले. पुढल्याच वर्षी राजवाड्यातील संपत्ती सरकारी ताब्यात घेण्यात आली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली व तेथे त्यांच्या बाजूने निकालही लागला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. राजसत्तेच्या अशा कृत्याचा न्याय न्यायालयांना करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. हे प्रकरण भिजत पडलेले असतानाच, १८५८ साली, मद्रास सरकारचा छायाचित्रकार आपला भला मोठा कॅमेरा घेऊन तंजावरात दाखल झाला.

त्याचे नाव लिनीअस ट्राइप. १८२२ साली इंग्लंडात जन्मलेला हा गृहस्थ मद्रास फौजेतील अधिकारी होता. १८५५ साली ब्रह्मदेशात गेलेल्या इंग्रज शिष्टमंडळाबरोबर त्याने तेथील चित्रे घेतली होती आणि त्या कामगिरीनंतर मद्रास इलाख्यातील पुरातन वास्तूंची चित्रे घेण्यासाठी त्याची नेमणूक झाली. श्रीरंगम्, त्रिचनापल्ली, मदुरा, पुदुक्कोट्टै आणि तंजावर अशी त्याची फेरी झाली. तंजावरला त्याने बृहदीश्वराचे मंदिर, त्याच्या आवारातील सुब्रह्मण्याचे देऊळ, विशाल नंदी आणि राजवाडा यांची चित्रे घेतली. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराच्या विमानाखालील जोत्यावर तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्या लेखांची ट्राइपने एकवीस चित्रे घेतली आणि ती एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचा एक पट्टा तयार केला. दगडावरील अक्षरे वाचण्यासाठी विद्वानाने तंजावरला जावे, याऐवजी तंजावरचा दगडच विद्वानाच्या मेजावर यावा, अशी ही योजना होती.

ट्राइपची पद्धत समजून घेतल्यावाचून त्याच्या चित्रांतील एका उणिवेचा उलगडा होत नाही. मेण लावलेल्या कागदावर रासायनिक लेप देऊन तो कागद प्रकाशाला दाखवावयाचा, ही फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५१ मध्ये पुढे आणलेली कृती तो प्रामुख्याने वापरीत असे. काचेवरील ओल्या लेपाची दुसरी कृतीही त्याच वर्षी निघाली होती. परंतु तिच्यात लेप ओला आहे तोवरच सर्व उरकावे लागे. दक्षिणेतल्या उन्हात बैलगाडीतून प्रवास करणाऱ्याला मेणकागद सोयीचा होता, कारण तो आधी तयार करून ठेवता येई व चित्र घेतल्यावर सवडीने धुता येई. या सोयीची किंमत एकच होती. कागद अतिशय मंद होता. लख्ख उन्हातसुद्धा भिंगावरील झाकण मिनिटामिनिटांच्या हिशेबाने उघडे ठेवावे लागे. मंदिराच्या आत तर त्याहून कितीतरी अधिक.

इतक्या वेळात जे हलले, ते चित्रातून नाहीसे झाले. वाऱ्याने हलणारी पानेसुद्धा एकमेकांत मिसळून जात. ट्राइपने यावर उपाय म्हणून मूळ कागदाच्या पाठीमागून रंगाचे नाजूक ठिपके देऊन झाडांना पाने आणि आकाशाला ढग दिलेले आहेत. झाडांची उणीव अशी भरून काढता आली. माणसांची आली नाही. त्याच्या तंजावरात माणसे जवळजवळ नाहीतच. ज्या पटांगणात रोज शेकडो पावले उमटत असतील, ते ओसाड दिसते. नुकतेच राज्य गेलेले ते गाव, त्यातील मराठी कारकून, पुजारी, हत्तीखान्यातील नोकर, कोर्टाच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या वाड्यातील स्त्रिया, खेळणारी पोरे, ही सारी त्या दिवशी तेथे होती. केवळ स्थिर उभी नव्हती, म्हणून ती नोंदीत आली नाहीत. ज्या सरकारने नुकतेच ते राज्य खालसा केले, त्याच सरकारच्या संग्रहात हे निर्मनुष्य तंजावर जमा व्हावे, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. कोणी मुद्दाम केले असे म्हणता येत नाही. रसायनानेच ते केले. परंतु साधनाची मर्यादा आणि सत्तेची सोय कित्येकदा अशाच हातात हात घालून चालतात, हे राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ट्राइपच्या कार्यालयाचा शेवटही राज्यकारभाराच्या रीतीने झाला. १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झालेले सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांना तिजोरीच्या त्या अवस्थेत छायाचित्रण ही न परवडणारी चैन वाटली, आणि लवकरच ते खाते बंद झाले.

ट्राइपच्या कॅमेऱ्याने मंदिराचा बाह्य भाग टिपला. त्याच मंदिराच्या पोटात मात्र गती आणि अंधार यांची विलक्षण जोडी त्या वेळीही दडून होती. गाभाऱ्याभोवती दुहेरी भिंतींच्या मधून जाणारा एक अरुंद प्रदक्षिणामार्ग आहे. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना तेथे, नायक काळातील चित्रांच्या लेपाखाली, चोळकालीन भित्तिचित्रे असल्याचे आढळून आले. ही चित्रे विलक्षण चंचल आहेत. त्रिपुरासुरावर चालून जाणारा शिव, अधांतरी नाचणाऱ्या अप्सरा, पांढऱ्या हत्तीवरून कैलासाला निघालेला संत सुंदरर आणि त्याच्यामागे घोडा फेकीत जाणारा चेरराजा. यांच्याच वरच्या मजल्यावर, तशाच मार्गात, नाट्यशास्त्रातील एकशे आठ करणांपैकी एक्याऐंशी करणे दगडात कोरलेली असून पुढील सत्तावीस पाषाण कोरेच आहेत. करण म्हणजे नुसता पवित्रा नव्हे. हात आणि पाय यांच्या संयोगाने होणारी ती एक पूर्ण हालचाल असते. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारापुढे हाच प्रश्न होता: धावत्या क्रियेतील कोणता क्षण थांबवावा, म्हणजे उरलेली क्रिया पाहणाऱ्याच्या मनात आपोआप पुरी होईल?

अशा चित्रांचे छायाचित्र घेणे हे आजही कठीण कर्म आहे. मार्ग अरुंद असल्यामुळे मागे सरून सबंध भिंत एका दृष्टिक्षेपात घेता येत नाही. तुकडे घेऊन जोडावे लागतात, आणि वरून अंधार. तरीही भिंतीवरील अप्सरा छायाचित्रकारावर एक उपकार करते. ती त्याच्यासाठी थांबून राहते. भिंग अर्धा मिनिट उघडे ठेवले, तरी तिचे पाऊल खाली येत नाही. शाळेच्या मैदानावरील मुलाने एवढा वेळ थांबावे, ही अपेक्षा कशी करावी?

अंधारावर मात करण्याचे प्रयत्न ट्राइपच्या पाठोपाठच सुरू झाले. पॅरिसच्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास त्या शहराखालील अस्थिभुयारांत विजेच्या कमानदिव्याने चित्रे घेतली. त्याला एका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. तेथील मजूर इतका वेळ निश्चल उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून त्याने त्यांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले! १८६५ मध्ये पियाझी स्मिथ याने मॅग्नेशियमची तार पेटवून इजिप्तच्या महान पिरॅमिडच्या अंतर्भागाची चित्रे घेतली. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी निघाली व क्षणाचा प्रकाश हाती आला. पण त्याबरोबर धूर, ठिणग्या आणि भाजलेले हातही आले. १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद केलेला प्रकाश बाजारात आला, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन याने विजेच्या अतिसूक्ष्म झगमगाटाने बंदुकीची गोळीसुद्धा हवेत उभी करून दाखवली.

गतीचा प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटत होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची चित्रे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी घेतली. घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात ते पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. आपल्याकडे १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले. भारतीयाने घेतलेले हे पहिलेच चलच्चित्र मानले जाते. मराठी माणसाने हलत्या चित्राचा श्रीगणेशा केला तो खेळाने, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पण ती कुस्ती दिवसाउजेडी, उघड्या आकाशाखाली झाली होती, हेही तितकेच महत्त्वाचे. सूर्याच्या मेहेरबानीवाचून तेव्हा खेळाचे चित्र संभवत नव्हते.

गती आणि रात्र ही दोन्ही संकटे एकदम उभी राहिली म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सापडते. याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्या क्रीडामहोत्सवाचा चित्रपट घेण्याचे काम लेनी रीफेनश्टाल हिच्याकडे होते. बांबूच्या साहाय्याने उंच उडी मारण्याची अंतिम स्पर्धा लांबत लांबत रात्रीत गेली. मैदानावरील दिवे खेळाडूंना पुरेसे होते, चित्रपटाच्या फितीला अपुरे होते. शेवटी त्या खेळाडूंना पुन्हा बोलावून, दिव्यांची सोय करून, त्यांच्याकडून उड्या मारून घेण्यात आल्या. जगातील उत्तम यंत्रसामग्री आणि अमाप पैसा पाठीशी असताना जेथे अशी पाळी आली, तेथे आमच्या एखाद्या पालकाच्या हातून चित्र पुसट आले, तर त्याने स्वतःला फार दोष देऊ नये.

ही अडचण किती मोठी आहे, याचा हिशेब सोपा आहे. दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक. शाळेच्या मैदानावरील साध्या दिव्यांखाली तो शंभर लक्सच्या आसपास भरतो. म्हणजे हजारपट कमी. आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही, कारण तो क्षणाक्षणाला स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र हजारपट तूट कोठून तरी भरून काढावी लागते. भिंगाचे द्वार उन्हात ठेवतात त्यापेक्षा बत्तीसपट मोठे केले आणि संवेदकाची ग्रहणशक्ती बत्तीसपट वाढवली, म्हणजे ही तूट भरते आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढा वेळ पदरी पडतो. सेकंदाला पाच मीटर धावणारा मुलगा तेवढ्यात पाच सेंटिमीटर पुढे जातो. त्याचा चेहरा पुसट होण्यास एवढे पुरेसे आहे. तो स्पष्ट हवा असेल तर वेळ पाचपट कमी केला पाहिजे, आणि मग प्रकाशाची तूट पुन्हा पाचपट वाढते.

ग्रहणशक्ती वाटेल तेवढी वाढवावी, तर चित्रावर दाणे उठतात. पावसाचे पहिले थेंब अंगणात पडतात तेव्हा एक फरशी भिजते, शेजारची कोरडी राहते. सर जोराने आली की सारे अंगण सारखे ओले होते. प्रकाशाचेही तसेच आहे. त्याचे कण मोजकेच आले की ते विषम पडतात, आणि ही विषमता म्हणजेच ते दाणे. १९६९ साली अमेरिकेत बॉइल आणि स्मिथ यांनी ज्या विद्युत् संवेदकाची कल्पना मांडली व ज्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्याने फितीपेक्षा कितीतरी अधिक कण टिपता येऊ लागले. परंतु जे कण आलेच नाहीत, ते कोणत्याही यंत्राला टिपता येत नाहीत. आजचे खिशातील दूरध्वनी अंधारात आपण होऊन अनेक चित्रे घेतात आणि त्यांची बेरीज करून एक उजळ चित्र देतात. देवळाचे शिखर त्यात सुरेख उठते; धावणारे मूल पुन्हा विरघळते. ट्राइपच्या मेणकागदाचा पक्षपात अशा रीतीने आपल्या हातातील यंत्रातही टिकून आहे.

झगमगाटाचा दिवा लावावा, असे कोणी म्हणेल. पण त्याचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाई होतो; मैदानाच्या पलीकडच्या टोकाला तो जवळजवळ पोहोचतच नाही. शिवाय उडी मारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर ऐन क्षणी तो पडला, तर चित्रापायी अपघात ओढवावयाचा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपल्याकडील विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीअधिक होत असतात. डोळ्याला ते कळत नाही. पण वेगाने घेतलेल्या चित्रांपैकी एक उजळ आणि दुसरे काळवंडलेले येते, ते यामुळे.

मग उपाय कोणता? मला वाटते, तो तंजावरच्या शिल्पकाराने सांगून ठेवला आहे. वर उडालेला चेंडू खाली येण्यापूर्वी क्षणभर वर थांबतो. उडी मारणारे मूलही उडीच्या माथ्यावर क्षणभर वजनहीन होते. चढाई करणारा गडी झेप घेण्यापूर्वी श्वास रोखतो. खो देणारा हात पाठीला टेकतो तो क्षण जवळजवळ निश्चल असतो. प्रत्येक गतीच्या पोटात असा एक विसावा असतो, आणि खेळ जाणणाऱ्यालाच तो आधी कळतो. अपुऱ्या उजेडात चित्र घेणाऱ्याने दिव्याखालची जागा धरावी, खेळ नीट समजून घ्यावा आणि या विसाव्याची वाट पाहावी. धावणाऱ्याबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवला, तर मागील खांब पुसट होतात आणि मूल स्पष्ट उठते. दप्तराचा न्याय उलटा करण्याची ही युक्ती आहे: उभे ते विरते, धावते ते उरते.

या प्रश्नाला एवढे महत्त्व कशासाठी द्यावे, अशी शंका येईल. तिचे उत्तर त्या निर्मनुष्य तंजावरात आहे. बृहदीश्वराच्या प्राकारात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांच्या वंशाची मराठी हकीकत दगडात कोरवून घेतली, म्हणून तो वंश आपल्याला वाचता येतो. पण त्या राजांच्या गावातील मुले कोणते खेळ खेळत, कशी धावत, हरल्यावर एकमेकांकडे कसे पाहत, हे सांगणारा दगड नाही आणि चित्रही नाही. राजवाडे, करारनामे आणि कोर्टाचे निकाल यांची काळजी घेणारे पुष्कळ असतात. समाजाचे तारुण्य मात्र मैदानावर हलत असते, आणि तेही पुष्कळदा दिवसाचे काम आणि अभ्यास आटोपल्यावर, जेमतेम उजेडात. जिल्ह्याच्या ठिकाणी नसलेल्या, चार दिव्यांवर भागवणाऱ्या एखाद्या शाळेतील मुलीने मारलेल्या सुराचे एक जरी स्पष्ट चित्र उरले, तरी पुढे शंभर वर्षांनी आपला काळ धुंडाळणाऱ्याला आमची गावे ओसाड होती असे वाटणार नाही. ते चित्र थोडे दाणेदार असले तरी हरकत नाही; त्यात माणूस असला म्हणजे पुरे.